दादाच्या नावाचा रिपोर्ट

दादाचा रिपोर्ट नॉर्मल आला होता, कारण रक्त माझं होतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हे एवढं वाक्य वर्षभर कुणाला बोललो नाही. ज्यांना शिव्या द्यायच्या असतील त्यांनी खाली द्या. डिलीट करणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बोटीवर तांडेल होता. बोट त्याच्या हातात आणि सगळे खलाशी त्याच्या शब्दात.
तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, पण सुई दिसली की पांढराफटक पडायचा. आम्ही त्याला लय चिडवायचो.

तो गेला त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट.
मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. दादा घरी सापडायचा तो तेवढे दोन महिनेच. म्हणून त्याच्या मुलीने, सायलीने, मुंबईहून फुल बॉडी चेकअप बुक केलं.
"पप्पा, पन्नाशी उलटली. आता दरवर्षी करायचं. ते घरी येऊन सॅम्पल घेतात, तुम्ही फक्त हात पुढे करा."

त्या दिवशी वहिनी सकाळीच सुकी मासळी घेऊन बाजारात गेली. जाताना बजावून गेली, "चहासुद्धा घ्यायचा नाय हां. उपाशी पोटीच द्यायचं."

सातला लॅबची मुलगी स्कूटीवरून आली आणि तेवढ्यात बोटमालकाचा फोन. नवीन सीझनची माणसं ठरवायची आहेत, जेटीवर ये.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साखर-बिखर निघाली तर मालक मला बोटीवर ठेवील काय रे?"

मी म्हटलं, "तू जा. मी देतो."

त्याने सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं.

आमच्यात हे असंच चालायचं. रेशनच्या रांगेत तो नाहीतर मी. सायलीच्या शाळेच्या मीटिंगला मी, माझ्या सासुरवाडीच्या पूजेला तो. एक भाऊ गेला की दुसऱ्याचं काम झालं. रक्त देणं पण मला तसलंच एक काम वाटलं. लघवीची बाटली पण मीच भरून दिली.

मुलीने फॉर्म बघितला. "काका, तुम्ही बावन्नचे वाटत नाही."
म्हटलं, "मासे खातो आम्ही."
मी तेव्हा चव्वेचाळीसचा होतो. दादा आल्यावर त्याला हे सांगून आम्ही दोघं पोट धरून हसलो.

संध्याकाळी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर. सगळं नॉर्मल. सायलीने लिहिलं, "पप्पा एकदम फिट". दादाने अंगठा टाकला. वहिनीने प्रिंट काढून आणली आणि देवाला साखर ठेवली.

मग सीझन सुरू झाला.

दिवाळीपर्यंत दादा निम्मा झाला. पँट दोरीने बांधायचा. बोटीवरून आला की तांब्या तोंडाला लावायचा तो खाली ठेवायचाच नाही. रात्रीत चार-पाच वेळा उठायचा.
बाजारातल्या बायका घरी आल्या तेव्हा वहिनीला म्हणाल्या, "अगो, साखर बघून घे त्याची."
वहिनी म्हणाली, "रिपोर्ट आहे गो. सगळं नॉर्मल आहे. दगदग होते त्यांची."
दादा समोर बसून जेवत होता. मीही होतो.

मी त्याला दोनदा म्हटलं, चल, गुपचूप तपासून येऊ. "सीझन संपू दे," म्हणाला. मी पण जास्त ताणलं नाही.

जाळं काढताना शिंगाळा माशाचा काटा पायाला लागला. कोळ्याला काटा लागणं म्हणजे काय मोठं? हळद दाबली. पंधरा दिवसांनी पाय काळा पडला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "साखर किती वर्षांपासून आहे?"
वहिनीने पिशवीतून रिपोर्ट काढला. "नाय डॉक्टर, सहा महिन्यांपूर्वीच केलंय सगळं. बघा ना."
डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. परत वाचला.
दादाने माझ्याकडे बघितलं.
मी खाली उतरून टपरीवर चहा घेतला. आलं जास्त झालं होतं. एवढं लक्षात आहे.

पाय काढला. विष आधीच अंगभर गेलं होतं. नवव्या दिवशी दादा गेला.

तेव्हापासून जो कोणी भेटायला येईल त्याला वहिनी एकच सांगते. "माझंच चुकलं. डोळ्यांसमोर माणूस सुकत होता आणि मी कागदावर विसंबले."
वर्षभर मी हे ऐकतोय. पाणी आणून देतो.

परवा तिथीने वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर मागच्या दारी वहिनी भांडी घासत होती. आमच्या आत्याला तेच सांगून झालं होतं. आत्या गेली आणि मी तिथेच पायरीवर बसलो. सांगून टाकलं. पहिल्यापासून सगळं.

वाटलं होतं, हातातलं पातेलं फेकून मारील.

तिने पातेलं विसळलं, पालथं घातलं.
"त्यांना ठाऊक होतं?"
"हो."
"मी रिपोर्ट रिपोर्ट करायचे तेव्हा पण?"
"हो."

मग पदराला हात पुसत आत गेली. बाहेर आली ती रिपोर्ट घेऊन.

"हा तुमचा आहे ना भावजी? मग तुमच्या घरी न्या."

सायलीला तिनेच सांगितलं. सायलीचा अजून फोन नाही. मी केला, तिने उचलला नाही.

ही पोस्ट टाकू का, म्हणून वहिनीला विचारलं. म्हणाली, "टाका. आणि लिहा, ज्याचं रक्त त्यानेच द्यावं."
लिहिलं.

दादा, श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही रे. नुसता नमस्कार घे.