आईचं कुंकू आणि लाल दिवा

माझ्या हातून जे काही बरं झालं, त्यामागे डिचोलीचे सदाकाका आहेत. त्यांच्या फोटो स्टुडिओमागच्या खोलीत बसून अभ्यास केला, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारगळच्या घरी जुन्या न्हाणीच्या झरोक्याला काळं कापड ठोकत होतो. येत्या रविवारी ते येणार होते, माझ्या डार्करूममधला पहिला फोटो काढायला... माझ्या आईचा.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. घरात तिचा एकही फोटो नव्हता. स्टुडिओ बंद करून फोटो मोठे करायचा एन्लार्जर आणि ट्रे मला देताना काकांना एका खोक्यात तिची निगेटिव्ह सापडली. शिरगावच्या जत्रेत, गर्दीतून वळून पाहणारी. त्यांनी ती उजेडात धरली. आईला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं : चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. ती कधी झालीच नाही ती म्हातारी माझ्याकडे बघत होती.

मला धीर नव्हता. स्कॅनर घ्यायचं ठरवलं. "झाकणांत दिवो आसा तसलो घे. निगेटिव्हांतल्यान उजवाड आरपार वचूंक जाय," एवढंच काका म्हणाले. तसाच, झाकणातून उजेड पाडणारा घेतला आणि फोटो छापून डिचोलीला धावलो.

काकांनी चष्मा पुसला. "कुंकू खंय रे तिचें?"

धूळ काढण्याचा पर्याय चालू राहिला होता. यंत्राने कपाळावरचा ठिपका धूळ समजून पुसला होता. सवाष्ण गेलेली माझी आई कोऱ्या कपाळाने बघत होती...

"मशीन शिकिल्लें रे, पूण आमच्या गांवचें न्हय," काका हसले. मग हळू म्हणाले, "निगेटिव्हांत आसा तें. आयतारा येतां. हातान काडूंया."

डार्करूमचं दार वाजवल्याशिवाय उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. ट्रेमध्ये कागद असला की आतून "थांब", मग "ये". माझ्या रिकाम्या न्हाणीचंही दार मी वाजवतो. जमीनदाराच्या दारात उभा असल्यासारखा दिसायचो, म्हणून बायको चिडवायची, "आंत कोण बसला? भाटकार?" हल्ली चिडवत नाही.

काकांच्या बंद स्टुडिओच्या पत्त्यावर मी गेल्या आठवड्यात हे पत्र टाकलं :

'ती. काका,

परवा दुपारी आईचा फोटो काढायला गेलो. सवयीने दार वाजवलं. आतून "थांब" ऐकू आलं. मी थांबलो. फटीतून लाल उजेड येत होता. डार्करूमचा दिवा मी लावला नव्हता. किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "'ये' म्हणाले न्ही ते? वच मरे आंत!" मला ऐकू आलं नव्हतं.

आत कोणी नव्हतं. ट्रे कोरडे होते. मी औषध ओतलं, निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधात सोडला. पांढऱ्या कागदावर चेहऱ्याच्या आधी कुंकू उमटलं.

दार मी अजून वाजवूनच उघडतो.'