जॉबरमामा आणि निळी फ्रेम

आमच्या जॉबरमामांनी जगातल्या एकाही रंगवलेल्या वस्तूवर कधी विश्वास ठेवला नाही. भिंत असो, लोखंडी कपाट असो, नाहीतर केसांना कलप लावून बोहल्यावर चढलेला नवरदेव असो, मामा लांबूनच मान हलवायचे. "रंग दिसतोय. आत काय हाय ते कुटं दिसतंय?" माणसं हसायची. आम्हीही हसायचो, पण आमच्या घरात ते हसणं फार वेळ टिकायचं नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

आम्ही भवानी पेठेत एका खोलीत राहायचो. बाबा चादरीच्या कारखान्यात मागावर होते आणि सुटीच्या दिवशी चादरींचे गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून दुकानादुकानांत पोचवायचे. त्यांची जुनी सायकल मोडीत निघाली तेव्हा दुसरी निवडून आणली ती मामांनी. मामा त्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. यंत्रातलं त्यांना कळतं असं सगळी पेठ मानायची, त्यामुळे सायकल दुसरं कोण निवडणार? त्यांनी जुन्या बाजारातून हिरवीगार, ताजा रंग दिलेली सायकल आणली. त्या रंगाखाली पुढच्या चिमट्याला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दोन पायांच्या दांडीला, जुनं वेल्डिंग होतं. पुलाच्या उतारावर, मागे गठ्ठा बांधलेला असताना, चिमटा बरोबर तिथंच तुटला. मागून ट्रक येत होता.

मी दहावीत होतो, रेणू बालवाडीत. आई विड्या वळायला लागली. पुढची कैक वर्षं आमच्या घरातल्या भाताला, पांघरुणांना आणि माझ्या पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा. मी सकाळी पेपर टाकले, संध्याकाळी कापडाच्या दुकानात घड्या घातल्या आणि बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, सांगण्यासारखंच आहे ते.

मामा आमचे रक्ताचे कोणी नव्हते. भिंतीपलीकडच्या खोलीत एकटेच राहायचे. घरची भाषा तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि नकार मात्र सगळ्यांनाच तेलुगूत. "वद्दु," म्हणजे नको. बाबांना स्मशानात पोचवून आल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. सायकलवर बसणं कायमचं सोडलं, आणि आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू स्वतः तपासायला सुरुवात केली. सोलापूरच्या उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून, हा माणूस सगळीकडे पायी जायचा. रिक्षावाले ओळखीचे होते, थांबून विचारायचे, "बसा की मामा, पैसे नकोत." मामा आधी रिक्षाच्या रंगाकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "वद्दु."

तपासणीची त्यांची हत्यारं दोन. एक, कापडातले धागे मोजायचं घडीचं भिंग. ते कायम खिशात असायचं आणि त्याला कसलीही वस्तू वर्ज्य नव्हती. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मामांनी पोहे बाजूला ठेवले, नवऱ्यामुलाच्या बाहीला भिंग लावलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोरगं बरं हाय. कापड मिक्स हाय." लग्न झालं, पण तिचा नवरा अजून आमच्याकडे येताना सुती सदरा घालून येतो. दुसरं हत्यार म्हणजे नाणं. माठ, कलिंगड, दरवाजा, काहीही असो, मामा नाण्यानं वाजवून बघायचे. "टण" वाजलं तर माल खरा, "टक" वाजलं तर खोटा. यात अडचण एकच होती. जन्मभर मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे मामांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं. त्यामुळे ते वाजवायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. "सांग की, कसा वाजला?" मामांना अण्णा म्हणणाऱ्या आईनं एकदा पाण्याचा माठ असा चार वेळा परत पाठवलेला बघितला. पाचव्या माठाला ती मामांच्या आधीच ओरडली, "टण! अण्णा, टण!"

मी कॉलेजात प्रवेश घ्यायला निघालो तेव्हाही मामा बरोबर होते. फाटकातून आत शिरल्या शिरल्या थबकले. "इमारतीला नवा रंग दिलाय," म्हणाले. "आत शिकवत्यात का, इचारलास काय?" मी विचारलं नव्हतं. तीन वर्षांनी डिग्रीचा कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि डोळे पुसून म्हणाले, "कागद जाड हाय."

अशा माणसाच्या तावडीत रेणूची कार्बनची फ्रेम सापडली.

रेणू शाळेच्या सायकलवर पळायला लागली आणि थांबेचना. अक्कलकोट रोडवर पहाटे सराव, मग शाळा. तिचे सर एके दिवशी घरी आले आणि सरळ बोलले. "पोरीच्या पायात दम आहे, पण हिची सायकल लोखंडाची. बाकीच्या पोरी कार्बनवर येतात. राज्याच्या निवडीत बसली तर पुढं खेळाडू म्हणून नोकरीचं दार उघडतं. नाही बसली तर हिचं वय निघून जाईल." चाकं, गिअर, हँडल त्यांनी एका जुन्या सायकलवरून काढून द्यायचं कबूल केलं. फक्त फ्रेम आम्ही बघायची होती. नवी चांगली फ्रेम माझ्या टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या पगारात स्वप्नातही बसत नव्हती. तेव्हा स्वस्तातली शोधायची, आणि शोधायची म्हणजे मामांच्या हाताखालून न्यायची. आईनं सुपातली विडीची पानं उगाच वरखाली केली.

पहिली फ्रेम मी मोबाईलवर दाखवली. बिननावाची, परदेशातून थेट घरी येणारी, सगळ्यात स्वस्त. मामांनी मोबाईलच्या काचेला भिंग लावलं. "ह्यात नुसते लाल-हिरवे ठिपके हायत," ते घाबरून म्हणाले. "वद्दु!" दुसरीसाठी आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. दुकानदार बिचारा कार्बन म्हणजे काय ते समजावून सांगत होता, की हे मुळात धाग्यांचंच असतं, राळेत बसवलेलं. हे ऐकलं आणि मामांचा चेहरा जो उजळला, तो मी कधी विसरणार नाही. "म्हंजे कापडच की!" त्यांनी लगेच भिंग काढलं. पण फ्रेमवर लाल रंग होता. "रंग काढा," मामा म्हणाले. दुकानदार हसला. मामा हसले नाहीत. मग त्यांनी नाणं काढून दुकानातल्या सगळ्या फ्रेमा ओळीनं वाजवल्या. प्रत्येकीनंतर माझ्याकडे बघायचे, आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या दुकानात मी, बी.कॉम., उभा राहून ओरडायचो, "टण! टक! टण!" परतीच्या गाडीत रेणू खिडकीकडे तोंड करून बसली होती. निवड दीड-दोन महिन्यांवर आली होती.

शेवटी सरांनीच रस्ता काढला. सोलापुरातले एक हाडांचे डॉक्टर सायकल चालवायचे आणि नवी घेतल्यामुळे जुनी फ्रेम विकणार होते. डॉक्टर उंचीला बुटके, हे आमचं नशीब. फ्रेम रेणूच्या मापाची निघाली. ती निळी होती. "आठ दिवस घरी ठेवा, कुणाला दाखवायची त्याला दाखवा, मग सांगा," डॉक्टर म्हणाले. मी त्या निळ्या रंगाकडे बघितलं आणि मग मामांकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी बाजारातून आलो तर मामा उंबऱ्यात बसलेले, फ्रेम मांडीवर, हातात पॉलिशपेपर. वरच्या दांडीवरचा तळहाताएवढा रंग त्यांनी घासून साफ काढला होता. आई आतून धावत आली. "अण्णा! काय केलंत हे? लोकाची वस्तू हाय ती!"

"ती हिरवीबी लोकाचीच होती," मामा म्हणाले.

मग त्यांनी उघड्या पडलेल्या काळ्या धाग्यांवर भिंग ठेवलं आणि मला खांद्याला धरून खाली वाकवलं. "बघ, बघ! नुसता ताणा हाय. बाणाच न्हाई!" उभे धागे शेजारी शेजारी, एकमेकांत न गुंतता, आडवा धागा एकही नाही. ज्यानं जन्मभर उभ्यात आडवा धागा घालून चादरी केल्या, त्याच्यासाठी हे कापड नव्हतंच. हाताला लागल्याबरोबर फाटणारी ती वस्तू होती, आणि तिच्यावर आमची रेणू बसणार होती.

फ्रेम सोलापुरी चादरीत गुंडाळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. खरडलेली जागा बघून ते कपाळाला हात लावून खाली बसले. मामा मात्र उभेच. "डॉक्टरसाहेब, तुमाला फसवलंय कुणीतरी. ह्यात बाणा न्हाई."

डॉक्टर आधी चिडले होते, पण हे ऐकून त्यांना हसू फुटलं. "मामा, मी पायाला प्लास्टर घालतो तेव्हा पट्टी एकाच दिशेनं गुंडाळतो का? एक थर सरळ, दुसरा तिरका, तिसरा उलटा तिरका. इथंही तसंच आहे. तुम्ही वरचाच थर बघितलात. तो सरळ आहे. आडवे-तिरके खाली आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ही दुसरं कोण घेणार? तुम्हीच न्या. जमेल तसे द्या पैसे." त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकनं फ्रेम नीट तपासली आणि घासलेल्या जागेवर पारदर्शक लाखेचा हात दिला. अशी आमची फ्रेम ठरली. मामांच्या पॉलिशपेपरनं ती आमच्या खिशाएवढी केली.

पण खालचे थर मामांना दिसले नव्हते. सायकल जोडून झाली, दारात उभी राहिली, आणि मामा हँडल धरून तिच्यासमोर उभे राहिले. "वद्दु." एक दिवस गेला, दोन गेले. रेणू रडकुंडीला आली. "मामा, सोडा की! लई कमी दिवस राहिलेत." मामा हलेनात. तेव्हा ती बोलू नये ते बोलली. "बाबा पडले म्हणून मी काय जन्मभर चालतच जायचं? तुमच्यासारखं?"

आईनं तिला एक रट्टा दिला. मामांनी हँडल सोडलं आणि भिंतीपलीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल जागेवर नव्हती. मामांच्या खोलीला कुलूप होतं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. "पुलावर बघ," ती मला म्हणाली, "पळ."

मी धावत गेलो. पुलाच्या चढावरून मामा येत होते. बाबा गेल्यापासून कधी सायकलवर न बसलेला माणूस, वाकड्या हँडलवर ओणवा, पायांत चपला, पायजमा आईच्या विड्यांच्या दोऱ्यानं घोट्याशी बांधलेला. पाठीवर चादरींचा गठ्ठा आवळला होता. बाबा अंगानं भरलेले आणि मामा काडीसारखे, त्या दोघांच्या वजनातलं अंतर मामांनी चादरींनी भरून काढलं होतं. माथ्यावर आले, खोकले, आणि त्याच उतारावरून त्यांनी सायकल सोडली. मागून ट्रक हॉर्न देत होता, मामांना तो ऐकू येत नव्हता. मी ओरडलो, तेही त्यांना ऐकू आलं नाही. उताराच्या तळाशी ते थांबले, सायकल वळवली आणि पुन्हा चढायला लागले. मग मी ओरडणं सोडून दिलं आणि कठड्याला धरून उभा राहिलो. ते पुरे म्हणेपर्यंत तसाच उभा होतो.

घरी येऊन ते पायरीवर बसले. छातीचा भाता चालला होता, कापसाच्या धुळीनं ती छाती कधीच पोखरली होती. नाणं काढलं, खरडलेल्या जागी वाजवलं आणि रेणूकडे बघितलं. "कसा वाजला?"

"टण," रेणू म्हणाली.

"बागुंदि," मामा म्हणाले. बरी हाय. त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही त्याआधी ऐकला नव्हता.

त्या दिवसानंतर मामा फारसे उठले नाहीत. निवड झाली ते सांगायला रेणू सरकारी दवाखान्यात त्यांच्या खाटेशी गेली आणि कानाशी लागून ओरडली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मामांनी निवडीबद्दल काही विचारलं नाही. नाकातली नळी सावरत म्हणाले, "फ्रेम?"

"चांगली आहे, मामा."

"टण?"

"टण."

"मग झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवून झोपले. पुढच्या आठवड्यात ते गेले. भिंग माझ्याकडे आहे. कधी कधी मी ते उगाच आईच्या लुगड्यावर धरून बघतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण धागे दिसतात.

रेणू राज्याच्या संघातून खेळली आणि आता पोलीस खात्यात आहे. फ्रेम अजून तुटलेली नाही.