हजर, पण पान कितवं?

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे हजेरीबाई म्हणायचे. नाव मीच ठेवलं, कबूल करतो. बावीस वर्षं शाळेत शिकवलं, शाळा बंद पडली, तर बाई खुशाल कॉम्प्युटरचा कोर्स करून आमच्याकडे आल्या, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. काम काय, तर मशिनं जागी आहेत की नाहीत ते बघायचं. मग हजेरीबाई नाही तर काय म्हणणार?

आमचं काम सांगतो, अवघड नाही. लशींच्या थंड पेट्यांचं तापमान एका वहीत आपोआप लिहिलं जातं. ही वही एका जागी नसते. तिच्या प्रती कितीतरी मशिनांवर असतात, दर दहा सेकंदांनी प्रत्येक प्रतीला तेच नवं पान जोडलं जातं आणि लिहिलेलं कुणाला खोडता येत नाही. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच. त्यातली सात मशिनं, म्हणजे नोड, आमच्या ताब्यात. दवाखान्यातून कुणी पेटीचं तापमान विचारलं की सातांपैकी जे सगळ्यात लवकर बोलेल, ते उत्तर देणार. हा नियम माझा. भिंतीवरचा हिरव्या-लाल दिव्यांचा फलकही माझाच, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

बाईंचं मात्र फलकावर समाधान व्हायचं नाही. दर अर्ध्या तासानं प्रत्येक मशिनाला विचारायच्या, शेवटचं पान कितवं? आणि आकडा पेन्सिलीनं चौकटीच्या वहीत लिहायच्या. माझं डोकंच फिरायचं.

"अहो बाई, दिवा हिरवा आहे ना? मग झालं की!"

"हिरवा म्हणजे नुसतं हजर," बाई म्हणायच्या. "खिडकीबाहेर बघत सगळ्यात मोठ्यानं हजर म्हणणारी पोरं काय कमी पाहिलीत मी? मी लगेच विचारायचे, पान कितवं? की बसली दातखीळ."

त्या बुधवारी पावणेअकराला त्यांची पेन्सिल थांबली.

"पाच नंबर अडकलाय. सव्वादहाचं पान आणि आत्ताचं पान एकच."

मी फलक बघितला. पाच नंबर हिरवागार. "काहीतरीच काय! आज तर तोच पहिला येतोय."

"येणारच. बाकीच्यांना दर दहा सेकंदांनी नवं पान उतरवून घ्यावं लागतं. ह्याला काम काय उरलंय?"

मी चिडून आलेल्या प्रश्नांची नोंद उघडली.  माझ्या नियमाप्रमाणे सगळे प्रश्न पाच नंबरकडेच जात होते, आणि तो जुनीच उत्तरं देत होता.

"काढा त्याला उत्तर देणाऱ्यांच्या रांगेतून," बाई म्हणाल्या.

"साहेबांना विचारल्याशिवाय रांगेला हात लावायचा नाही. आणि साहेबांचा फोन बंद आहे. बाई, परवा तुमचे सहा महिने भरतायत. कशाला नसती आफत ओढवून घेता?"

तेवढ्यात माझ्यासमोरचा फोन वाजला. एका दवाखान्यातली नर्स होती. स्पीकर चालू होता.

"आमच्या पेटीचं तापमान चार अंश दाखवतंय, म्हणजे बरोबर आहे. पण हाताला गार लागत नाही हो. अकरा बाळं थांबलीत. लस देऊ ना?"

माझ्या जिभेवर 'हो, द्या' तयार होतं. चार अंश, हिरवा दिवा, अजून काय पाहिजे? बाईंनी फोन सरळ स्वतःकडे ओढला.

"ताई, एकाही बाळाला सुई टोचायची नाही. दोन मिनिटं थांबा."

मग माझ्याच कीबोर्डवर त्यांनी पाच नंबर रांगेतून बाहेर काढला. बोटं जराही अडखळली नाहीत. दोन नंबरला विचारलं. चौदा अंश.

"ताई, पेटीचं झाकण बघा."

पलीकडे पावलं वाजली. "अगंबाई! नीट लागलंच नाहीये. कधीपासून असं आहे देव जाणे. बरं झालं विचारलं. दुसरी पेटी मागवते."  

दुपारी साहेब आले ते तणतणतच. हातात बाईंना नोकरीत कायम करायचा कागद, अजून बिनसहीचा.

"कच्च्या नोकरीवरच्या माणसानं रांगेला हात लावलाच कसा?"

"लावला," बाई म्हणाल्या. "पुन्हा अडकलं तर पुन्हा लावीन. नोकरी राहो नाहीतर जावो."

साहेबांनी कागद टेबलावर आपटला आणि माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही काय करत होतात? फोन तुमच्याकडे आला होता ना?"

फलकावरचे सहाही दिवे हिरवे होते. त्यांच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटत होती.

"आला होता," मी म्हणालो. "मी 'द्या' म्हणणार होतो."

 साहेबांनी खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं आणि बाईंच्या कागदावर सही केली.