आठ वाजताचा मुकुंद

वसुधावहिनींचा फोन सव्वाआठला आला. "भाऊजी, आज हे बोलले नाहीत." मुकुंदला जाऊन तेवीस दिवस झाले होते. मी नुसतं 'हं' म्हटलं... अशा दिवसांत माणसं काहीबाही बोलतात, त्यावर डोकं चालवू नये. पण त्या पुढे म्हणाल्या, "काल सकाळपर्यंत रोज बोलत होते. संध्याकाळी तुम्ही यांचा कंप्यूटर नवीन करून गेलात, तेव्हापासून बंद." तेव्हा मात्र मी चपला घातल्या आणि राजेंद्र नगरला त्यांच्या घरी निघालो.

मुकुंद आणि मी एकाच कॉलेजच्या कंप्यूटर विभागात अठ्ठावीस वर्षं समोरासमोर बसलो. शोकसभेत संचालकांनी त्याला संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं. या स्तंभाने नवी खुर्ची मागितली होती, तो अर्ज अजून त्यांच्या टेबलावर असेल. दोन मिनिटांचं मौन माझ्या घड्याळात पन्नास सेकंद भरलं. बाहेर पोहे गार होत होते. मुकुंदला हे आवडलं असतं, म्हणजे तो पोहे खायला आधीच बाहेर गेला असता. आमचा वाद एकच, नव्या व्हर्जनचा. मी म्हणायचो, "तुझ्या मशीनला पेन्शन लागू झाली रे." तो म्हणायचा, "अरे भिया, नवीन साहेब आला की आधी टेबलं हलवतो. हे पण तसंच. चल रहा है ना? तो हाथ मत लगाना." तो गेल्यावर त्याचं मशीन नवं करून देणं मला सेवा वाटली. वाद जिंकायचीही थोडी हौस होती, हे कबूल करतो.

घरी गेल्यावर कळलं ते असं. मुकुंद साडेसातला निघायचा आणि वहिनींची ब्लडप्रेशरची गोळी आठची. त्या विसरायच्या. म्हणून त्याने स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून ठेवला होता. कंप्यूटर तो रोज आठला वाजवायचा. मुकुंद गेल्यावरही वाजवत राहिला.

"आज गोळी घेतलीत?"

"नाही. त्यांनी सांगितलंच नाही."

मी कंप्यूटरसमोर बसून शेल उघडलं. शेल म्हणजे मशीनला ओळीओळीने हुकूम लिहून द्यायची जागा. मुकुंदचे हुकूम जेमतेम पंधरा ओळींचे. त्यात त्याने एक नाव जाहीर केलं होतं, 'विशेष'. सणावाराला, वाढदिवसाला वाजवायचं रेकॉर्डिंग त्यात ठेवायचं. एरवी काही नाही, पण रोज आठला मशीन आधी तिथे डोकावायचं. जुन्या शेलच्या लेखी नाव जाहीर केलं म्हणजे डबा आहे, फक्त रिकामा. मी काल टाकलेल्या नव्याच्या लेखी आत काही ठेवलं नसेल, तर डबाच नाही. आणि पहिल्याच ओळीत मुकुंदचा कडक नियम: जे नाही ते मागितलं गेलं, तर तिथेच थांब. त्याच्याच शिस्तीने तो गप्प झाला होता. नाव आहे आणि आत काही नाही, याला असणं म्हणायचं की नसणं... तेविसाव्या दिवशी हा प्रश्न मला कुणी विचारायला नको होता.

"सापडलं का हो?"

"सापडलं. चूक माझीच. वहिनी, त्यापेक्षा मोबाइलवर अलार्म लावून देऊ?"

"अलार्मच्या सांगण्यावरून मी गोळी घेणार नाही."

मी त्या नावात मुद्दाम रिकामेपणा ठेवला. बरोबरचं एक चिन्ह आणि पुढे दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. वाजवून बघणार, तेवढ्यात वहिनींनी हात धरला. "आत्ता नको. अवेळी बोलले तर मला भीती वाटेल. उद्या आठला बोलायला लागले, की मिस्ड कॉल देते." मग माझ्याकडे न बघता त्यांनी त्या दिवसाची गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी पावणेआठपासून मी फोन मांडीवर घेऊन बसलो. आठला रिंग वाजली आणि बंद झाली. आता रोज वाजते. मी उचलत नाही.

परवा चुकून उचलला गेला. वहिनींना ते कळलं नसावं. मागून मुकुंदचा आवाज आला, दारात चपला शोधताना यायचा तसा, घाईतला: "...चहाबरोबर नको, पाण्याबरोबर घे. आणि घेतली म्हणून खोटं सांगू नकोस, मला कळतं. चलो, येतो मी."

"हो," वहिनी म्हणाल्या. "लवकर या."