अक्कांच्या घरची चपाती

माझ्या थोरल्या नणंदेला, बायनाअक्कांना, मधुमेह झाल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलंच नाही. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं तशा त्या मला हसून म्हणाल्या, "बघ गं, शेठ लोकांचा रोग आमच्याबी घरात आला!"

पाथरीजवळच्या त्यांच्या गावात कालव्याचं पाणी यायच्या आधी त्या स्वतः खुरपायला जायच्या, ज्वारीची भाकर खायच्या. पाणी आलं, ऊस आला, गहू आला. मग रानात गडी-बाया आल्या. भाकर गड्यांसाठी आणि घरच्यांना चपाती, डालड्याचा शिरा, येईल त्याच्यासोबत गोड चहा. डॉक्टर म्हणाले, भाकर खा. अक्का म्हणाल्या, "आता कुठं चपातीचे दिवस आले, अन् पुन्हा भाकर? गडी काय म्हणतील?"

एकोणनव्वद साली त्यांच्या रुख्मिणीला मानवतचं स्थळ आलं. तेव्हा अक्कांच्या पायाला काटा लागून झालेली जखम भरतच नव्हती. "सोयऱ्यांना कळलं तर म्हणतील, आईचा रोग पोरीत हाय," म्हणून त्यांनी कुणाला काही सांगू दिलं नाही. साखरपुड्यात मुलाकडची एकेक बाई पुढं येऊन त्यांच्या तोंडात पेढा घालत होती. मी शेजारी बसून कुजबुजले, "अक्का, अर्धाच घ्या."

"गप बस. तोंड फिरवलं तर सोयरीक फिरल."

लग्नाच्या आधीच अंगठा काळा पडला. परभणीला नेऊन तो कापावा लागला. मग काही झाकून राहिलं नाही. मुलाचे वडील आबासाहेब बघायला आले तेव्हा आम्हाला वाटलं, मोडलं. मी चहा पुढं केला. त्यांनी कप परत सरकवला.

"बिनसाखरेचा द्या, बाई. मला तीन वर्षं झाली. तुमचे पेढे मी रुमालात बांधून नेले होते."

अक्का आधी हसल्या. मग व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, मला नुसती खूण केली असती तरी..." आणि चादरीखालच्या पायाकडं बघत राहिल्या.

लग्न झालं. आता रुख्मिणीला मुलगी झालीय. दोन्हीकडून तेच रक्त. पण मला झोप येत नाही ती त्या पोरीमुळं नाही. माझ्या मुलाचे वडील अक्कांचे सख्खे भाऊ आहेत, आणि आज मुलाच्या डब्यातून भाकर तशीच परत आली. "पोरं हसतात, आई," म्हणाला. "उद्या चपाती दे."

कणीक मळून ठेवायची की ज्वारीचं पीठ चाळायचं, ते अजून ठरत नाही.