साहेबांचा पक्ष

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आखातात, खलिफा सिटीत व्हिलांची कामं जोरात होती आणि मी तिथल्या एका साइट ऑफिसात टायपिस्ट होते. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर युरोपातल्या एका छोट्या देशाचे, तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे जुने सभासद. वडील गोदी कामगार, संपात तुरुंगात गेलेले. चहाच्या वेळी साहेब रंगात येत. "आमच्याकडे कामगार मालकासमोर खुर्चीत बसून बोलतो. पक्षानं मिळवून दिलं ते!" साहेबांना हिंदी येत नसे आणि फोरमनना इंग्रजी. मधे मी.

फोरमन खेडकडचे, तसे अबोल. पण हे ऐकताना पुढे सरकून बसत. "वैनी, त्यांच्या पक्षाचं आणखी विचारा की."

त्या जुलैत एक सुतार स्लॅबवर चक्कर येऊन कोसळला. वाचला, पण त्याची वाचा गेली. दुसऱ्या दिवशी फोरमन चौघांना घेऊन केबिनमध्ये आले आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसले.

"भर उन्हात काम बंद ठेवा. पहाटे लवकर सुरू करू, काम मागे पडणार नाही."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"त्याला सांगा, इथे युनियन चालत नाही."

"युनियन कुठली? साहेबच सांगत होते ना, समोर बसून बोलायचं म्हणून?"

"ते माझ्या देशात," साहेब म्हणाले. मग मला मधे न घेता थेट त्यांनाच, साइटवरच्या अरबीत, "यल्ला. खलास." चला, संपलं.

आठवड्याभरात फोरमनचा व्हिसा रद्द झाला. बॅग घेऊन निरोपाला आले तेव्हा मी त्यांच्यापाशी साहेबांना खोटारडा म्हटलं. फोरमननी मान हलवली. "खोटं नसतील बोलले, वैनी. फक्त त्यांच्या त्या कामगारांत आपण नव्हतो."

काही महिन्यांनी साहेबांच्या देशात निवडणूक झाली आणि त्यांचा पक्ष जिंकला. साहेब केक घेऊन आले, स्वतः तुकडे कापून टेबलाटेबलावर देत फिरले. माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, "फोरमनना कळवू का? त्यांना फार कौतुक होतं तुमच्या पक्षाचं."

साहेबांनी माझ्यापुढे तुकडा ठेवला. "चांगला माणूस होता," ते म्हणाले आणि प्लेट घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले.

बाहेर भर दुपारी काँक्रीट ओतणं चालू होतं.