अर्ज आलाच नाही

अमरावतीच्या कॅम्प भागातल्या सावली विद्यार्थिनी वसतिगृहाच्या ऑफिसात संगणक एकच, आणि त्याला हात लावणारं माणूसही एकच: माया तायडे. वय चौपन्न. नोकरी अमरावतीला, पण राहायला अकोल्याच्या अकोट फैलात. गेली एकोणीस वर्षं सकाळची गाडी धरून बडनेरा, तिथून ऑटोनं ऑफिस, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. ते करणाऱ्याची हाडं किती खिळखिळी होतात, ते तिकीट देणाऱ्याला कळत नाही आणि पगार देणाऱ्याला तर मुळीच नाही.

वसतिगृह एका खाजगी ट्रस्टचं. खेड्यापाड्यांतून नर्सिंगला, डी.एड.ला येणाऱ्या चाळीस मुलींची तिथं सोय होते. ट्रस्टचं टपाल ईमेलवर यायला लागलं तेव्हा आधीच्या बाबूनं हात टेकले आणि ते काम मायाबाईंच्या गळ्यात पडलं. बाईंची पुंजी म्हणजे टायपिंगची परीक्षा. इंग्रजी सूचना वाचताना त्यांना घाम फुटायचा. पण बाई चिवट. मेलचा प्रोग्राम रुसला की त्या त्याची पाठ सोडत नसत, आणि जो काही उपाय सापडे तो निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवत. त्या वहीचं पहिलं पान असं होतं:

'मेल येत नसेल तर घाबरू नये. आधी इंटरनेट आहे का ते पाहावं. अर्ध्या वेळा वायर उंदरानं खाल्लेली असते.'

'पत्र गेलं नाही असं वाटलं तर आऊटबॉक्स पाहावा. एखादी जड फाईल दारात अडकून बसते आणि मागच्यांनाही जाऊ देत नाही. तिला आधी बाहेर काढावं.'

'पासवर्ड बदलला तर प्रोग्रामलाही सांगावा. नाहीतर तो जुनाच घेऊन दार ठोकत बसतो.'

'पेटी फार भरली की प्रोग्राम उघडताना लटकतो. कचरा रिकामा करावा, मग फाईल आवळून लहान करावी.'

अशी चौऱ्याहत्तर पानं. आजूबाजूच्या शाळांचे बाबू अडले की बाईंना फोन करत, आणि बाई वही न उघडता उत्तर देत. त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. असायला हरकत नव्हती, एकोणीस वर्षांत त्यांनी एकही पत्र हरवलं नव्हतं.

यामागं एक जुनं दुखणं होतं. माया बारावी झाली तेव्हा तिला अकोल्यात सायन्सला जायचं होतं. त्यासाठी वसतिगृहात जागा हवी होती. बाप डोमाजी स्वतः गावाहून एसटीनं अकोल्याला गेला आणि पोरीचा अर्ज खिडकीत देऊन आला. पोच घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी बापलेक गेले तर बाबूनं मान वर न करता सांगितलं, "अर्ज आलाच नाही."

"साहेब, म्या तुमच्याच हातात देला होता."

"नाही आला म्हणजे नाही आला."

डोमाजी थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "बरं साहेब." सायन्स राहिलं, टायपिंगचा क्लास लागला. बाप जाऊन आता बारा वर्षं झाली, पण त्याचं ते 'बरं साहेब' मायाबाईंना अजून पचलेलं नाही. स्वतःला टेबल मिळालं त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की हे वाक्य आपल्या तोंडून कोणालाही ऐकायला मिळणार नाही.

जुलैतल्या एका सोमवारी फोन वाजला.

"मॅडम, मी खुशी कासदेकर. धारणी तालुक्यातून बोलते." शाळेत शिकलेली, जपून बोललेली मराठी. "यादीत माझं नाव नाही. मी अर्ज पाठवला होता."

मुलीला अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. शनिवारी हजर राहायचा शेवटचा दिवस. राहायची सोय झाली नाही तर बाप पाठवणार नव्हता, आणि शनिवार चुकला तर जागा दुसरीला जाणार होती.

"कोणत्या मेलवरून पाठवला?"

"धारणीच्या शिवम ऑनलाइन सेंटरवरून. आमच्याकडं सगळे तिथूनच पाठवतात."

बाईंनी आवक पेटी शोधली, जंकची पेटी शोधली. कासदेकर कुठं नव्हतं.

"अर्ज आलाच नाही, बेटा."

वाक्य तोंडातून निघून गेलं. आपण काय बोललो हे त्या क्षणी बाईंच्या ध्यानातही आलं नाही.

तिकडून दुकानवाल्या शिवमनं फोन घेतला. "मॅडम, माह्याकडं तर पाठवलेल्यात दिसून राह्यलं. म्हणान तर पुन्हा पाठवतो."

"आता पाठवून काय फायदा? मुदत गेली, यादी लागली. अन् भाऊ, तुमच्याकडून निघालं म्हणजे इथं पोचलं असं होत नाही. मधात सर्व्हर असते. फाईल जड असन, अडकली असन. मले नका सांगू, एकोणीस वर्षांपासून हेच करून राह्यली मी."

शिवमनं फोन परत दिला. मग पुन्हा मुलीचा आवाज आला. "बरं मॅडम."

फोन ठेवल्यावर बाईंना चहा बेचव लागला. का, ते त्यांना उमगलं नाही. संध्याकाळी गाडीत खिडकी मिळूनही त्यांना रोजच्यासारखा रात्रीच्या भाजीचा विचार करता आला नाही.

गुरुवारी सकाळी प्रोग्राम लटकला. निळी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबायची आणि पुढं सरकायची नाही. बाईंनी वहीबरहुकूम काम सुरू केलं. प्रोग्राम साध्या अवस्थेत, जास्तीच्या जोडण्या वगळून उघडला. उघडला. म्हणजे फाईल शाबूत होती, फक्त फुगली होती. आता कचरा रिकामा करायचा. हटवलेल्या पत्रांची पेटी पाहिली तर आत दोन हजार नऊशे पत्रं. सगळी निवडली, बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: सर्व पत्रं कायमची काढून टाकायची? हो की नाही?

बाईंची आई मनकर्णा केर काढल्यावर तो सुपात घेऊन एकदा हलवून पाहायची आणि मगच उकिरड्यावर टाकायची. एकदा तिला त्यात कानातलं फूल सापडलं होतं, तेव्हापासूनची सवय. ती पोरीतही उतरली होती. बाईंनी प्रश्न तसाच बाजूला सारून यादी वरून खाली चाळली. पत्र पाठवणाऱ्यांच्या नावांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं. शिवम ऑनलाइन सेंटर. शिवम ऑनलाइन सेंटर. त्यातल्या एकाच पत्रापुढं कागद जोडल्याची टाचणीची खूण होती. चौदा जून, सकाळी अकरा बेचाळीस. 'वसतिगृह प्रवेश अर्ज, कु. खुशी कासदेकर'.

अर्ज, गुणपत्रिका, दाखला, फोटो, सगळं जोडलेलं. फोटोत दोन वेण्या घातलेली मुलगी दुकानाच्या निळ्या पडद्यापुढं ताठ बसली होती.

बाईंनी पत्राची तारीख पुन्हा पाहिली. मग आठवत गेलं. मागच्या दिवाळीत या पत्त्यावरून रोज सकाळी पणत्यांची, फुलांची भलीमोठी चित्रं यायची. शुभ प्रभात, शुभ दीपावली, शुभ अमुक आणि शुभ तमुक. पेटी तुडुंब भरली आणि प्रोग्राम तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी संतापलेल्या बाईंनी प्रोग्रामला नियम घातला: या पत्त्यावरून येईल ते न उघडता थेट कचऱ्यात. मग दिवाळी संपली, बाई नियम विसरल्या. प्रोग्राम कशाला विसरतोय? अर्ध्या तालुक्याची पोरं त्याच एका पत्त्यावरून अर्ज करतात, हे तेव्हा बाईंच्या डोक्यात आलंच नाही. स्वतःचा पत्ता नसलेली माणसं दुकानाच्या पत्त्यानं बोलतात, ही साधी गोष्ट खेड्यात वाढलेल्या बाईला कळू नये?

त्यांनी नियमांची यादी उघडली. नियमाला नाव द्यावं लागतं. त्यांनीच दिलेलं नाव तिथं होतं: 'धारणीचा कचरा'.

ते वाचून बाईंना स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती. अकोल्याच्या त्या खिडकीतल्या बाबूनं 'कचरा' निदान मनातल्या मनातच म्हटलं असेल.

पडद्यावरचा प्रश्न मागं अजून उभाच होता. हो की नाही? हो म्हटलं तर संपलं. मुलगी 'बरं' म्हणून मोकळी झाली होती, दुकानवाला गप्प बसला होता. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. 'हो'वर आणलेलं बोट बाईंनी किती वेळ तिथं ठेवलं, हे त्यांनी पुढं कोणाला सांगितलं नाही. पण ठेवलं होतं.

मग त्यांनी 'नाही' दाबलं, नियम काढून टाकला, अर्ज छापला आणि सचिवांच्या खोलीत गेल्या. सचिव खुशालराव भातकुलीकडचे शेतीवाले, ट्रस्टचं काम बिनपगारी करणारे. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा.

"साहेब, चूक माही हाये. अर्ज मुदतीत आला होता. माह्याच नियमानं कचऱ्यात गेला."

खुशालरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तायडेबाई, चाळीस खाटा, चाळीस नावं. यादी लागली. आता हे उकरून काय करता? पुढच्या वर्षी घेऊ तिले. कोणाले सांगू नका."

"पुढच्या वर्षी तिची अ‍ॅडमिशन नसन. शनिवार शेवटचा दिवस हाये."

"मंग मी काय माह्या घरची खाट आणून देऊ?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. टेबलावर येऊन त्यांनी आवक नोंदवही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेला अर्जाची नोंद केली. पुढं लिहिलं: 'प्रत्यक्ष प्राप्त १४ जून, स. ११.४२. विलंब लिपिकाच्या चुकीमुळे.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद पुन्हा खुशालरावांपुढं ठेवला.

"हे काहून केलं तुमी?"

"आवक झालं, साहेब. आता त्याले उत्तर द्याच लागते."

"मेमो तुमालेच मिळन."

"द्या."

मेमो मिळाला. पण संध्याकाळी खुशालरावांनी अधीक्षिका हर्षाताईंना बोलावलं आणि आजारी मुलींच्या खोलीत एक्केचाळिसावी खाट टाकायला सांगितली. बाईंकडं मात्र पाहिलं नाही.

अर्जावरचा बापाचा नंबर लागत नव्हता. बाईंनी शिवमला फोन केला.

"आता काय झालं, मॅडम?"

"अर्ज आला होता, भाऊ. चौदा जूनलेच. मीच कचऱ्यात टाकला होता. तुमी बरोबर होते."

शिवमला बोलायचं बरंच असावं. मग म्हणाला, "उद्या सकाळी गाडी घेऊन जातो त्यायच्या गावात."

शुक्रवारी दहाला फोन आला. "बोला मॅडम. खुशीचा बाप बोलतो."

बाईंनी सगळं सांगितलं. खाट आहे, उद्या आधी इथं या, मग अकराच्या आत कॉलेजात पोचा, पोरीची चूक नव्हती, दुकानवाल्याची नव्हती, माझी होती, मला माफ करा. हे सगळं त्यांनी गाडीत मनाशी घोकून ठेवलं होतं.

बापानं खाटेबद्दल काहीच विचारलं नाही.

"मतलब, पोरगी त्या दिवशी धारणीले गेली होती?"

"गेली होती ना. अकरा बेचाळीसले अर्ज आला इथं."

"मले वाटलं, गेलीच नाही. झूट बोलते. हापिसच्या मॅडमनं सांगतलं म्हणजे खरंच असन ना. सोमवारी मारलं म्या तिले. लहानपणापासून कधी हात नव्हता लावला."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"रडली नाही. 'बरं बाबा' म्हणाली फक्त. तवापासून माह्याशी बोलत नाही."

"या उद्या," एवढंच मायाबाई म्हणाल्या. मग वही पुढं ओढून त्यावर डोकं टेकून बसल्या. हर्षाताई दोनदा दारात येऊन परत गेल्या.

शनिवारी बाईंची सुट्टी होती, तरी त्या आल्या. धारणीची बस दहाला लागली. बापलेक फाटकातून आत आले, बाप पुढं, मुलगी चार पावलं मागं. पायांना काळ्या मातीचा चिखल. मुलीच्या हातात नवा भरलेला अर्ज होता. जुना असताना तिनं तो पुन्हा भरून आणला होता.

बाईंनी उभं राहून अर्ज घेतला. "बस बेटा, पाणी घे."

मुलगी बसली नाही. तिनं बाईंकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विश्वासही नव्हता.

"मॅडम, पोच द्याल?"

बाईंनी पोच लिहिली. नाव, तारीख, वेळ. मग पेन थांबलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: 'पहिला अर्ज १४ जून रोजी मिळाला होता.' सही केली, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला.

मुलीनं कागद घेतला, ती ओळ दोनदा वाचली. मग चार पावलं मागं, दाराशी उभ्या बापाकडं जाऊन तो त्याच्या हातात दिला.

"बाबा, हे तुमच्याजवळ ठेवा."

बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून हात धरून उभा राहिला.